मीटरवरचे बारा म्हणजे चांदी किती?

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. वीज खात्यातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. नाशिकला असतो. गेल्या आठ महिन्यांपासून घरीच चांदीचं पाणी, म्हणजे कोलॉइडल सिल्व्हर तयार करतो. अर्धा लिटर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, सराफाकडून घेतलेल्या दोन चांदीच्या तारा, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि दीड तास. मी आणि सौ. सकाळ-संध्याकाळ एकेक मोठा चमचा घेतो. नातवाला सर्दी झाली की त्यालाही एक छोटा चमचा देतो. आरओवाल्याकडून घेतलेलं टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं. ते सुरुवातीला २ दाखवतं आणि शेवटी १२. म्हणजे चांदी १० पीपीएम, लिटरला १० मिलिग्रॅम झाली, असं मी धरतो. एक मित्र म्हणतो, हे मीटर निम्मंच दाखवतं, दुप्पट धर. दुसरा म्हणतो, मायक्रोसीमेन्सचं मीटर घे, तो आकडा म्हणजेच पीपीएम. आमच्या तिघांत बरोबर कोण? सौ.ना थायरॉईडची गोळी चालू आहे, पण तिचा याच्याशी काही संबंध नसावा.

उत्तर:

नमस्कार.

तिघंही नाही. तुमचं गणित चुकलं म्हणून नव्हे, तर तुम्ही ज्याला प्रश्न विचारताय त्या मीटरला चांदी ओळखताच येत नाही म्हणून. हे नीट उलगडून सांगते, कारण तुमचं आयुष्य व्होल्ट आणि अँपिअरमध्ये गेलंय आणि ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर पटेल. त्यानंतर पिण्याबद्दल बोलते. नातवाच्या चमच्याबद्दल मात्र थांबत नाही. तो आजपासून बंद करा, पुढचं सगळं वाचायच्या आधीच.

टीडीएस मीटर काय करतं? त्याच्या दोन टोकांमध्ये थोडासा एसी दाब देतं आणि पाण्यातून करंट किती वाहतो ते बघतं. म्हणजे मोजतं ती वाहकता, मायक्रोसीमेन्समध्ये. पुढचं काम आत ठरवून ठेवलेल्या एका गुणकाचं. बहुतेक स्वस्त मीटरांत तो ०.५ असतो, कारण पाण्यात साधं मीठ आहे असं धरलेलं असतं. काहींत ०.७ असतो, नैसर्गिक पाण्यातल्या क्षारांचं मिश्रण धरून. तुमच्या मीटरवर उमटलेला १२ हा असा, दुसऱ्याच पदार्थासाठी ठरवलेल्या गुणकाने गुणलेला आकडा आहे.

अर्ध्या लिटर बॅटरीच्या पाण्यात मिठाचे काही कण टाका, चिमटीच्या टोकाला जेमतेम चिकटतील एवढेच. पाच मिलिग्रॅम मीठ विरघळलं की मीटर साधारण १० ने वर चढेल. तुमच्या चांदीच्या पाण्यात चढतं तेवढंच, आणि चांदीचा एक अणूही न घालता. हा प्रयोग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मी बरीच वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. यवतमाळकडच्या एका गावातले शिक्षक एकदा दोन विहिरींचं पाणी घेऊन आले होते. दोन्हीचा टीडीएस त्यांनी घरी मोजला होता, जवळजवळ सारखाच, म्हणून दोन्ही सारख्याच चांगल्या, असं त्यांचं म्हणणं. एका बाटलीत फ्लोराइड मर्यादेच्या आत निघालं, दुसरीत त्याच्या दुप्पट. मुलांच्या दातांवर डाग का येतात, याचं उत्तर त्या दुसऱ्या बाटलीत होतं आणि मीटरला ते दिसलं नव्हतं. तेव्हापासून कोणी टीडीएसचा आकडा सांगून पाण्याची खात्री द्यायला लागलं की मला ते शिक्षक आठवतात.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. धन तारेवर चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो आणि आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण होऊन पाण्यात उतरतो. ऋण तारेवर पाणी फुटतं, हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि पाण्यात हायड्रॉक्साइड उरतं. म्हणजे चांदीच्या प्रत्येक आयनाबरोबर एक जोडीदार तयार होतो. मीटर या दोघांनी मिळून वाहिलेला करंट मोजतं आणि त्यात जोडीदाराचा वाटा मोठा असतो. हायड्रॉक्साइड पाण्यात फार चपळ. चांदीच्या आयनाच्या तिपटीहून जास्त करंट ते एकटं वाहून नेतं. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरला की या हायड्रॉक्साइडचं बायकार्बोनेट होतं, आणि ते चांदीपेक्षाही संथ. चांदी तेवढीच राहते, पण बाटली उघडी होती की बंद, पाणी ढवळलं की नाही, यावर आकडा बदलतो.

हिशेब मांडून दाखवते. एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम चांदी आयनरूपात आहे आणि जोडीदार हायड्रॉक्साइड आहे, तर वाहकता सुमारे २.४ मायक्रोसीमेन्स वाढते. जोडीदार बायकार्बोनेट असेल तर सुमारे १. तुमच्या दुसऱ्या मित्राचा ‘मायक्रोसीमेन्स म्हणजेच पीपीएम’ हा नियम फक्त या दुसऱ्या टोकाला खरा ठरतो.

तुमचं मीटर १० ने चढलं. आतला गुणक ०.५ असेल तर वाहकता २० मायक्रोसीमेन्स वाढली. त्यावरून चांदी लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅमही निघते आणि २० सुद्धा. गुणक ०.७ असेल तर तोच हिशेब ६ ते साडेचौदाच्या दरम्यान येतो. म्हणजे मीटरवरचे तेच दहा, आणि चांदी ६ पासून २० पर्यंत कितीही. सुरुवातीचे २ वजा करणंसुद्धा निखळ नाही. त्या पाण्यात हवेमुळे मुळातच थोडं आम्ल असतं, त्यातले हायड्रोजन आयन सगळ्यांत जास्त करंट वाहतात, आणि तारांवरची क्रिया सुरू झाली की हायड्रॉक्साइड त्यांना खाऊन टाकतं. तुम्ही वजा करता ते शेवटी पाण्यात तसं उरलेलंच नसतं.

आणि हे झालं फक्त आयनांचं. कोलॉइडल म्हणजे कलिल. त्यात चांदीचे धातुरूप सूक्ष्म कण तरंगत असायला हवेत. ते कण करंट जवळजवळ वाहतच नाहीत. ज्या चांदीवरून या पाण्याला नाव पडलंय, नेमकी तीच मीटरला दिसत नाही. बाटली उजेडात ठेवलीत तर काही दिवसांत आकडा खाली येताना दिसेल. चांदी उडून गेलेली नसते. आयनांचे कण झालेले असतात, काही काचेला चिकटलेले असतात, काही तळाशी बसलेले. पाण्याला पिवळसर झाक येते तीही या कणांमुळे, ते प्रकाशातला जांभळा-निळा भाग शोषून घेतात. लेझरची रेषा पाण्यात दिसते म्हणून लोक खुश होतात. ती रेषा कण आहेत एवढंच सांगते, किती आहेत ते नाही.

खूप वेळ चालू ठेवलं तर पाण्यातली चांदी वाढतच जाते, असंही नाही. चांदी आणि हायड्रॉक्साइड मिळून होणारं सिल्व्हर ऑक्साइड पाण्यात फार कमी विरघळतं. लिटरला साधारण २० मिलिग्रॅमच्या आसपास मजल संपते आणि पुढे काळपट-तपकिरी गाळ पडायला लागतो. तारेवर जी काळी बुरशीसारखी साय धरते आणि तुम्ही फडक्याने पुसता, तीही चांदीच.

तारांचा टंच काढला होता का? पैंजण-जोडव्यांची चांदी असेल तर तिच्यात तांबं असतं. तेही विरघळतं आणि मीटर तेही मोजतं. क्लिपा पाण्याला टेकत असतील तर त्यांचाही धातू उतरतो. आणि बॅटरीचं पाणी हे पिण्यासाठी बनवलेलंच नसतं. पुष्कळदा ते ऊर्ध्वपातन न करता क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनमधून काढलेलं असतं. त्यातले क्षार गेलेले असतात म्हणून मीटर २ दाखवतं, पण कॅन कसला होता, पाणी कुठे साठवलं होतं, त्यात जंतू आहेत का, हे मीटरला कळायला मार्ग नाही.

मग चांदी मोजायची कशी? तुमच्या क्षेत्रातला रस्ता आधी सांगते. सर्किटमध्ये मिलिअँमीटर घाला. १ मिलिअँपिअर करंट १ तास वाहिला की धन तारेतून जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. हा फॅरेडेचा नियम आहे, त्यात मतभेदाला जागा नाही. करंट सुरुवातीला कमी असतो आणि पाण्यात आयन वाढतील तसा चढतो, म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी वाचून सरासरी काढावी लागते. सरासरी १ मिलिअँपिअर आणि दीड तास धरला तर ६ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या अर्ध्या लिटरमध्ये लिटरला १२ च्या हिशेबाने. ही वरची मर्यादा. पुसून टाकलेली आणि तळाशी बसलेली चांदी यातून वजा जाईल.

नेमकं उत्तर प्रयोगशाळाच देते, अणुशोषण किंवा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रांवर. जायचं ठरवलंत तर ‘पाणी तपासून द्या’ असं म्हणू नका, नाहीतर पुन्हा टीडीएसचाच कागद हातात पडेल. ‘नायट्रिक आम्लात विरघळवून एकूण चांदी’ असं स्पष्ट सांगा आणि बाटली हलवून पूर्ण द्या. वरचं निवळ पाणी ओतून देऊ नका.

पण तुमच्यासाठी मला याहून कामाचा एक हिशेब सुचतो. एका बाटलीत चांदी किती, यापेक्षा आठ महिन्यांत तुम्हा दोघांच्या पोटात किती गेली, हे कळणं महत्त्वाचं, आणि ते शोधायला मीटर लागतच नाही. सराफाचं बिल शोधा. त्यावर तारांचं वजन लिहिलेलं असेल. आता त्याच तारा कोरड्या करून, न घासता, दोन्ही एकत्र सराफाच्या काट्यावर ठेवा. मध्ये तुकडे तोडले असतील तर तेही बरोबर न्या. घटलेलं वजन म्हणजे तारांतून गेलेली सगळी चांदी. पुसलेली काळी साय त्यातच आली, म्हणून तुमच्या पोटात याहून जास्त गेलेली असूच शकत नाही. एका बाटलीतले पाच-सहा मिलिग्रॅम त्या काट्यावर धड दिसणार नाहीत. पण चार मोठ्या चमच्यांच्या हिशेबाने अर्धा लिटर साधारण आठ दिवस पुरतं, म्हणजे आतापर्यंत तीसेक बाटल्या झाल्या. एवढ्यांची घट काट्यावर स्पष्ट दिसेल.

ती घट कशाशी ताडायची? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने चांदीसाठी घातलेली मर्यादा आहे वजनाच्या दर किलोला रोज ०.००५ मिलिग्रॅम. रोज, आयुष्यभर घेतली तरी बाधू नये, अशा बेताने ती ठरवलेली आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सिफिलिसच्या रुग्णांना चांदीयुक्त इंजेक्शनं देत, आणि त्यांतल्या काहींच्या कातडीचा रंग कायमचा बदलला. त्यांच्या नोंदींवरून हा आकडा काढलाय. ६० किलोच्या माणसाला तो रोज ०.३ मिलिग्रॅम पडतो. दोघांचे २४० दिवसांचे मिळून १४४ मिलिग्रॅम. तारांची घट याच्या आत असेल तर मर्यादा ओलांडलेली नाही. जास्त असेल तर काटा जे सांगतोय ते कागदावर लिहा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

मीटरच्या भरवशावर राहिलात तर काय होतं ते इथे दिसतं. लिटरला ६ धरले तर तुमचे रोजचे दोन चमचे, म्हणजे ३० मिलीलिटर, यात ०.१८ मिलिग्रॅम, मर्यादेच्या आत. २० धरले तर ०.६, मर्यादेच्या दुप्पट. मीटर दोन्ही वेळा १२ च दाखवेल. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातली चांदी लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत चालते. तुमची बाटली त्याच्या ६० ते २०० पट आहे, मग मित्र कुठलाही गुणक वापरो.

कातडीचा रंग बदलणं ही कोणी घाबरवायला रचलेली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात स्टॅन जोन्स नावाचे गृहस्थ २००२ साली सिनेटच्या निवडणुकीला उभे होते. १९९९ मध्ये, वाय-टू-के मुळे, म्हणजे २००० साल लागताच संगणक बंद पडून अँटिबायोटिक मिळेनाशी होतील या धास्तीने, त्यांनी घरीच चांदीचं पाणी करून प्यायला सुरुवात केली होती. त्यांचा चेहरा निळसर-राखाडी झाला आणि तसाच राहिला. गिळलेल्या चांदीतली बरीचशी शौचावाटे निघून जाते, पण जी थोडी राहते ती कातडीत साठते आणि सूर्यप्रकाशात काळवंडते. जुन्या फोटोच्या फिल्मवर चांदीचे क्षार काळे पडायचे, त्याच जातीचं हे. म्हणून उघड्या अंगाला, चेहऱ्याला आणि हातांना ते जास्त दिसतं. यावर पूर्ववत करणारं औषध नाही. नखांच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर निळसर दिसते का, हिरड्या राखाडी झाल्यात का, हे दोघांनी दिवसाच्या उजेडात बघून घ्या. तुमचे चमचे आणि तुमचे महिने बघता तसं झालं असेल, असं मला वाटत नाही. पण बघा.

आता वहिनींची गोळी. तुम्ही लिहिलंत, संबंध नसावा. आहे. चांदीमुळे थायरॉक्सिनचं, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाचं शोषण कमी होऊ शकतं, आणि काही अँटिबायोटिकांचंही. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि मग लगेच चमचा, असा क्रम असेल तर गोळी रोज घेऊनही तिचा पूर्ण गुण लागणार नाही. गेल्या आठ महिन्यांत थकवा वाढला असेल किंवा डॉक्टरांनी डोस वाढवला असेल, तर हे पाणी चालू असल्याचं त्यांना सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर या आठवड्यात सांगा. पाणी बंद केल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी पुन्हा कधी करायची हे त्यांनाच विचारा, कारण डोस आता उलट जास्त होऊ शकतो. तुमच्या पत्रातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला हे एक वाक्य जास्त काळजीचं वाटलं.

चांदीत काही गुण नाही, असं मी म्हणत नाही. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीयुक्त मलम देतात. पाण्याच्या फिल्टरमधल्या कार्बनला जंतू धरू नयेत म्हणून चांदी लावतात. जिथे ती जंतूंना थेट भिडते तिथे ती काम करते. पण गिळल्यावर पोटातल्या आम्लातलं क्लोराइड तिला गाठतं आणि तिचा न विरघळणारा पांढरा साका करतं. पिऊन सर्दी बरी होते, याला आधार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केलं, की विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या चांदीच्या या औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही. बाळाला चांदीच्या वाटी-चमच्याने भरवणं वेगळं. त्या वाटीतून घासात उतरणारी चांदी नगण्य असते. तुम्ही मात्र २७ व्होल्ट लावून ती मुद्दाम उतरवताय.

नातवाची सर्दी चमचा न घेताही आठवड्यात गेली असती. ज्या दिवशी ती जाणार नाही, ताप चढेल किंवा धाप लागेल, त्या दिवशी या बाटलीच्या भरवशावर एक रात्र वाया जाऊ नये, एवढीच माझी भीती आहे.

उरलेलं पाणी घरातल्या माशांच्या टाकीत ओतू नका, चांदीचे आयन माशांना फार विषारी असतात. टाकून देण्याआधी बाटलीत चिमूटभर मीठ टाका. पाणी दुधाळ झालं तर तो क्लोराइडचा साका समजा. आणि टीडीएस मीटर फेकू नका. आरओचं मेंब्रेन कधी बदलायला आलं हे ते चांगलं सांगतं, ते त्याचंच काम आहे.

सराफाकडे जाऊन आलात की तारांचं आधीचं आणि आताचं वजन मला कळवा, बाटल्या अंदाजे किती झाल्या तेही. तुम्हा दोघांची वजनं लिहिलीत तर पुढचा भागाकार मी करून पाठवते.